शून्य नंबरची तार

१

रडारच्या केंद्रात तिला सगळे वहिनीच म्हणत. खरं तर ती एकाच माणसाची वहिनी होती, आणि तो माणूस त्या वेळी मनोऱ्याच्या टोकाला, घुमटाच्या आत, लोखंडी जाळीच्या फरशीवर मांडी ठोकून बसला होता. पण नोकरीला लागल्या दिवसापासून त्याने सगळ्यांदेखत 'वहिनी, वहिनी' असा धोशा लावला, आणि बघता बघता चौकीदारापासून मुख्य कचेरीतल्या साहेबांपर्यंत सगळेच तिचे दीर होऊन बसले. रिसीव्हर दुरुस्त करता करता केस पांढरे झाले आणि हाती काय लागलं, तर हे एवढं मोठं सासर, असं ती वैतागून म्हणायची.

आज तर वैतागाला कारणही होतं. रडारचा ट्रान्समीटर तापला की त्याची फ्रीक्वेन्सी हळूहळू सरकते. गाणाऱ्याचा सूर चढला की साथीदारानेही मागोमाग जायचं असतं, तसं रिसीव्हरनेही तिच्या मागे जायला हवं. नाही गेला तर तो बहिरा होतो आणि पडद्यावर ढगांच्या जागी नुसता काळोख दिसतो. मागे कसं आणि किती जायचं हे एक बोर्ड ठरवतो. जुना बोर्ड जळून गेला होता. त्याच्या जागी नवा, डिजिटल बोर्ड आला होता. तो खालच्या खोलीतल्या कपाटात बसवायचा आणि त्याच्या सोळा तारा मनोऱ्याच्या पोटातून वर, घुमटातल्या रिसीव्हरच्या पेटीपर्यंत न्यायच्या. एक तार जरी इकडची तिकडे झाली तरी सगळं मुसळ केरात.

आणि घोळ व्हायला भरपूर वाव होता. तारांवर चिकटवलेले आकडे शून्य ते पंधरा असे होते, कारण डिजिटल कामात मोजणी शून्यापासून होते. वरच्या पेटीत टर्मिनलवर छापलेले आकडे मात्र एक ते सोळा होते, कारण ती पेटी बनवणाऱ्या माणसाला कोणाच्या डोक्याचं काय होईल याच्याशी देणंघेणं नव्हतं. म्हणजे शून्यची तार एक नंबरला, एकची दोन नंबरला, असं एकेक पुढे सरकत जायचं. वहिनीने हे दिराला सकाळपासून इतक्यांदा सांगितलं होतं की तिचंच तोंड दुखलं.

"समजलं हो," भाऊजी म्हणाले होते. "पण मोजायचं म्हणजे एकापासून. शून्यापासून कोण मोजतं? तुम्ही सोडून?"

हे त्यांचं जुनं भांडण. वहिनीला शून्यापासून मोजायची अशी काही सवय जडली होती की घरच्या एका कार्यात तिने पाहुणे मोजले तेही शून्यापासून, त्या हिशोबाने ताटं मांडली आणि एक माणूस उभाच राहिला. तो माणूस म्हणजे भाऊजी. "वहिनींच्या हिशोबात आपण शून्य," हे वाक्य त्यांनी तेव्हापासून पाठ केलं होतं आणि संधी मिळाली की ते ऐकवत. भाऊजी स्वतः चहातली साखरसुद्धा मोठ्याने मोजून घालत, एकापासून.

काम करायची रीत ठरलेली होती. वहिनी खाली एका तारेला बॅटरीचा चिमटा लावणार आणि इंटरकॉमवर म्हणणार, "दिलं." वर भाऊजींच्या हातातला टेस्टर त्या तारेवर वाजला की ते म्हणणार, "मिळालं." इंटरकॉम जुनाट होता. बोलताना बटण दाबायचं, ऐकताना सोडायचं. वरून कोणी बटण दाबलं की खालच्या डब्यावरचा लाल दिवा लागे.

वहिनीने चष्मा नाकावर सारखा केला, पहिल्या तारेला चिमटा लावला आणि बटण दाबलं.

"शून्य. दिलं."

लगेच दिवा लागला. "मिळालं."

चला, एकदाचं सुरळीत सुरू झालं. तिने चिमटा पुढच्या तारेवर नेला. "एक. दिलं."

"मिळालं," भाऊजी म्हणाले. "काय वहिनी, किती वेळ लावलात सुरुवात करायला? पाय आखडले माझे."

"सुरुवात कधीच झाली. लक्ष द्या जरा," ती म्हणाली आणि पुढे गेली. सोळाच्या सोळा तारा मिळाल्या.

२

भाऊजी चहाला खाली आले ते नेहमीसारखेच, धापा टाकत, गुडघ्यांच्या नावाने खडे फोडत. घुमटात गेलं की हाताला ग्रीस लागणारच. ते ग्रीस त्यांनी नेहमीप्रमाणे दाराच्या कडेला पुसलं आणि त्यावरून बोलणी खाल्ली. त्यांच्या गळ्यात किल्ली होती, लाल दोऱ्यात ओवलेली. ती एकुलती एक किल्ली. घुमटात जाणाऱ्याने ट्रान्समीटरच्या कुलपातून ती काढून गळ्यात घालायची आणि खाली आल्याशिवाय परत लावायची नाही, हा केंद्रातला सगळ्यात कडक नियम होता. कारण ट्रान्समीटर सुरू झाला की वरची अँटेनाची तबकडीही फिरायला लागते. ती माणसापेक्षा कितीतरी मोठी, आणि घुमटात तिच्या वाटेतून बाजूला व्हायला जागाच नाही. खूप पूर्वी एकजण वर असताना कोणीतरी खटका दाबला होता. त्याबद्दल केंद्रात कोणी बोलत नसे, पण तेव्हापासून नियमाला एक शेपूट जोडलं गेलं होतं: किल्ली लावल्यावरही इंटरकॉमवर तीनदा विचारायचं, 'वर कोणी आहे का?' आणि तीनदा उत्तर आलं नाही तरच खटका दाबायचा.

"एक, दोन, अडीच," भाऊजींनी साखर घातली. "बरं वहिनी, एक तार जास्तीची आली आहे हं. परत पाठवायची असेल तर बघा."

"जास्तीची?"

"शून्य लिहिलेली. शून्य म्हणजे काहीच नाही ना. मी म्हटलं, ही फालतू असणार. तिच्या टोकाला टेप गुंडाळून बाजूला ठेवून दिली. एकची तार एक नंबरला लावली, दोनची दोनला. सोळा नंबर रिकामा राहिला, पण तेवढं चालतं."

वहिनीने कपाळावर हात मारून घेतला. सकाळपासून घसा फोडून जे सांगितलं ते सगळं पालथ्या घड्यावर पाणी. आता पंधराच्या पंधरा तारा सोडवून एकेक घर पुढे सरकवायच्या, आणि तिकडे आभाळ भरून आलेलं, आणि साहेबांचे फोनवर फोन. तिने तोंड उघडलं, आणि मग तिच्या लक्षात आलं.

"भाऊजी, टेप कधी गुंडाळलीत?"

"आधीच. तुम्ही तपासायला सुरुवात करायच्या आधी."

"मग शून्यला मिळालं कसं म्हणालात?"

"मी? मी कुठे म्हणालो? तुम्ही शून्य दिलं म्हणालात, मला वाटलं, नुसता घसा साफ करताय. मी गप्प बसलो होतो."

"भाऊजी, चेष्टा पुरे हं. मला अजिबात वेळ नाही."

"तुमच्या पायाची शप्पथ!" ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा खरंच बावळट झाला होता. तो बावळटपणा वहिनीच्या ओळखीचा होता. खोटं बोलताना त्यांचा चेहरा उलट हुशार दिसे.

ती काहीतरी खमंग बोलणार होती, तेवढ्यात टेबलावरच्या डब्यावर लाल दिवा लागला.

दोघं बघत राहिली. भाऊजींच्या हातात कप होता. किल्ली त्यांच्या गळ्यात होती, आणि घुमटाच्या दाराला त्यांनी स्वतः बाहेरून कडी घातली होती.

"मिळालं," इंटरकॉम म्हणाला, आणि दिवा विझला.

आवाज कोणाचा ते सांगता येत नव्हतं. त्या खरखरीत डब्यातून सगळ्यांचेच आवाज सर्दी झाल्यासारखे येत. भाऊजी हसले, पण त्यांनी कप खाली ठेवला.

"बटण अडकलं असेल," ते म्हणाले.

"बटण बोलत नाही."

"मग मघाशी बोललेलं कुठेतरी अडकून राहिलं असेल. तारांमध्ये."

हे इतकं बिनबुडाचं होतं की वहिनीला नेहमीसारखा राग आला, आणि राग आल्यावर जरा बरं वाटलं. "चला, उठा," ती म्हणाली. "तारा पुढे सरकवा. पंधराची सोळाला, चौदाची पंधराला, असं शेवटून करत या. आणि ते शून्य एक नंबरला. शून्य म्हणजे काहीच नाही असं नसतं, भाऊजी."

"ते त्या दिवशी ताटं मांडताना कळलं असतं तर बरं झालं असतं," भाऊजी म्हणाले आणि अर्धा चहा तसाच टाकून, गुडघ्यांना दोष देत, जिन्याकडे गेले. जिन्यात बराच वेळ त्यांचे पाय वाजत होते. मग घुमटाचं दार उघडल्याचा आवाज झाला.

३

एकटी उरल्यावर वहिनीने स्वतःला समजावलं. वरचा डबा जुना आहे. दमट हवेत त्याच्या बटणात पाणी गेलं असेल. कुठल्यातरी लांबच्या वायरलेसचा आवाज तारांमध्ये उतरला असेल. तारा लांब असल्या की त्या काय वाटेल ते पकडतात, हे तर ती नव्या पोरांना शिकवायची. आता कोणी वायरलेसवर नेमकं 'मिळालं' का म्हणेल? तर म्हणतात की लोक. रोज हजार लोक म्हणत असतील.

पण शून्यला जो 'मिळालं' आला होता, तो इतका लगेच कसा आला? भाऊजींकडून एवढी तत्परता जन्मात झाली नव्हती. टेस्टर वाजायचा, मग ते बटण शोधायचे, मग म्हणायचे. तो पहिला 'मिळालं' वाट बघत बसलेल्या माणसाचा होता.

फोन वाजला. साहेब होते.

"वहिनी, झालं का?"

"होतंय, साहेब."

"तासभर 'होतंय'च ऐकतोय. ढग समुद्रावरून आत आलाय आणि आम्ही इथे आंधळे बसलोय. लोकांना काय सांगू?"

"खिडकी उघडून बघा म्हणावं," ती म्हणणार होती, पण म्हणाली, "थोडा वेळ द्या."

तिने फोन ठेवला. खोलीत कपाटाच्या पंख्याची घरघर होती आणि तिच्यामागे मनोऱ्याचा लोखंडी आवाज, वारा लागला की येणारा. बोर्डातून निघालेल्या तारांचा जुडगा भिंतीतल्या भोकातून वर गेला होता. तिने सहज जुडग्याला हात लावला. तारा किंचित हलत होत्या, वर कोणीतरी त्या ओढत असल्यासारख्या. साहजिकच आहे, भाऊजी काम करताहेत. मग तिने नीट पाहिलं. एकच तार हलत होती, शून्यची. आणि ती तर शेवटी लावायची होती.

सांगितलं एक, करतील दुसरंच, असं पुटपुटत तिने हात काढून घेतला.

"झालं, वहिनी," मागून भाऊजी म्हणाले.

ती दचकलीच. ते दारात उभे होते. जिन्यात पाय वाजलेले तिला ऐकू आले नव्हते, पण पंख्याच्या घरघरीत राहून गेलं असेल.

"एवढ्यात?"

"शून्य ते पंधरा, सगळ्या बसवल्या. शून्यापासून सुरू केलं आणि ओळीने गेलो."

वहिनीला इतका आनंद झाला की विचारता सोय नाही. इतक्या वर्षांच्या डोकेफोडीचं सार्थक झालं म्हणायचं. "शाब्बास, भाऊजी," ती म्हणाली. "एकदा तरी सांगितलेलं ऐकलंत म्हणायचं." तिने चष्मा काढून टेबलावर ठेवला, डोळे चोळले आणि हात पुढे केला. भाऊजींनी गळ्यातली किल्ली काढून तिच्या हातावर ठेवली. लाल दोरा थंडगार होता. त्यांचे हात स्वच्छ होते.

"चहा प्या तो उरलेला," ती म्हणाली.

"नको. निवला," भाऊजी म्हणाले आणि तिच्या खुर्चीशेजारी येऊन उभे राहिले.

४

तिने किल्ली ट्रान्समीटरच्या कुलपात घातली, फिरवली. हिरवा दिवा लागला. आता एक खटका, की झालं. पण नियम म्हणजे नियम. तिने बटण दाबलं.

"वर कोणी आहे का?"

बटण सोडलं. नुसती खरखर.

"वर कोणी आहे का?"

खरखर. भाऊजी शांतपणे बघत होते. एरवी या वेळी ते काहीतरी पाचकळ बोलायचे, 'मी गेल्यावर कोण असणार' वगैरे.

"वर कोणी आहे का?"

लाल दिवा लागला.

"अहो आहे ना मी! कुठे जाणार?" डबा म्हणाला, भाऊजींच्या आवाजात, भाऊजींच्या वैतागात. "बटण कुठे आहे तेच सापडेना. थांबा जरा वहिनी, अजून तुमचं शून्य लावायचं राहिलंय. म्हणजे माझा एक."

वहिनीचा हात बटणावरच राहिला. तिने मान वळवली नाही. शेजारच्या भाऊजींचा श्वास ऐकू येतो का ते ती ऐकत होती, पण पंख्याच्या आवाजात काही कळत नव्हतं.

"मघासारखंच झालंय," शेजारचे भाऊजी म्हणाले. "मी इथे चहा पीत होतो, तेव्हाही वरून आवाज आला होता. आठवतंय ना?"

आठवत होतं. तेच तर. मघाशी भाऊजी डोळ्यांसमोर होते आणि वरचा आवाज खोटा होता. आत्ताही भाऊजी डोळ्यांसमोर आहेत. मग आत्ताही वरचाच खोटा. हिशोब अगदी सरळ होता. तरी तिचा हात खटक्याकडे गेला नाही.

फोन वाजायला लागला. तिने उचलला. "वहिनी, आता सुरू करा हो!" साहेब ओरडत होते. "किती वेळ तोच तो घोळ?" तिने मध्येच फोन ठेवला. चुकून खटका दाबला आणि वरचा खरा निघाला, तर घरी जाऊन जावेला काय तोंड दाखवणार? दारात उभं राहून काय सांगणार?

टेबलावर बशीत बोर्डाचे उरलेले स्क्रू होते.

"भाऊजी," ती म्हणाली. आवाज शक्य तितका रोजचा ठेवला. "हे स्क्रू किती उरले बघा बरं. मोजा."

भाऊजी वाकले. त्यांनी स्वच्छ बोटाने एकेक स्क्रू बाजूला केला.

"शून्य," ते म्हणाले. "एक. दोन. तीन."

प्रत्येक आकड्यानंतर ते किंचित थांबत होते. वहिनी स्वतः तशीच थांबायची.

इतकी वर्षं जिच्यावरून तिने त्या माणसाचा जीव खाल्ला होता, ती खोड वर होती. घुमटात, वैतागून बसलेली. वहिनीने किल्ली फिरवली, कुलपातून काढली आणि मुठीत घट्ट धरली. ती उठली.

"जरा बघून येते," ती म्हणाली.

"उगाच कशाला चढता, वहिनी," ते मऊपणे म्हणाले. "दम लागेल."

दारापर्यंत ती नीट चालत गेली. दारातून एकदा, एकदाच, तिने मागे पाहिलं. ते तिच्या खुर्चीत बसले होते, तिच्याकडे पाठ करून, बोर्डावर वाकून. त्यांनी तिचा चष्मा लावला होता. भाऊजींचं डोकं चांगलं मोठं. त्यांना तो लागलाच नसता. याला तो बरोबर बसला होता. आणि मानेवर, केसांच्या खाली, जे दिसत होतं ते तिला चष्म्याशिवाय पुसट दिसलं, यात तिला समाधान वाटलं.

५

जिना ती कशी चढली हे तिलाच कळलं नाही. गोल जिना, मध्ये तारांचा जुडगा, वर अरुंद होत गेलेली भिंत. शून्यची तार अजून हलत होती. ती वरून ओढली जात होती की खालून, ते तिने पाहिलं नाही. तिला एकच भीती होती, की घुमटाच्या दाराला कडी असेल, आत काळोख असेल आणि आत कोणी नसेल.

कडी काढलेली होती.

६

भाऊजी जाळीवर फतकल मारून बसले होते. त्यांच्यामागे तबकडी उभी होती, पांढरी, घुमटभर. पेचकस तोंडात धरलेला, हात कोपरापर्यंत ग्रीसने काळे, शर्ट पाठीला चिकटलेला. तिला बघून त्यांनी पेचकस काढला.

"हे काय? तुम्ही कशाला चढलात? आलोच असतो की मी."

"मोजा," वहिनी धापा टाकत म्हणाली.

"काय मोजू?"

"काहीही! त्या तारा मोजा!"

"एक," भाऊजी घाबरून म्हणाले, "दोन, तीन…"

वहिनी मटकन खाली बसली आणि रडायला लागली. मग रडता रडताच तिने दिराला शिव्या घातल्या, माणसाने इतकं कसं मठ्ठ असावं म्हणून, आणि त्यांचा ग्रीसने भरलेला हात दोन्ही हातांनी धरून ठेवला. तो गरम होता. इतका बावळट, इतका गरम हात तिने आयुष्यात कधी धरला नव्हता.

"उठा. आत्ताच्या आत्ता खाली, आणि थेट बाहेर. खालच्या खोलीकडे बघायचंसुद्धा नाही."

"अहो पण झालं काय?"

"सांगते मग. किल्ली माझ्याजवळ आहे, तोवर काही होणार नाही. उठा तुम्ही."

भाऊजी उठत होते. ते थांबले. त्यांनी शर्टाच्या आत हात घातला आणि लाल दोरा बाहेर काढला.

"किल्ली तर माझ्या गळ्यात आहे," ते म्हणाले.

वहिनीने मूठ उघडली. दोन्ही किल्ल्या शेजारीशेजारी होत्या. दोऱ्याची गाठ तीच. दांड्यावर भाऊजींनी कधीतरी किल्लीने डबा उघडताना पाडलेला ओरखडाही तोच, दोन्हींवर. भाऊजींनी किल्लीकडे पाहिलं, मग तिच्या तोंडाकडे.

तेवढ्यात वरच्या डब्यावर लाल दिवा लागला.

"भाऊजी," डबा म्हणाला. आवाज तिचा होता. तिचा घसा, तिचा वैताग, शेवटी सोडलेला तिचा उसासा. "अहो, झोप लागली की काय? शून्य लावलंत का?"

दिवा विझला. भाऊजींनी हळूच आपला हात तिच्या हातातून सोडवून घेतला.

"वहिनी खाली आहेत," ते म्हणाले. ते तिला सांगत नव्हते. स्वतःलाच सांगत होते.

"भाऊजी, मी इथे आहे! तुमच्यासमोर!"

"चष्मा कुठे आहे तुमचा?"

"खाली राहिला. त्याने…" ती थांबली. काय सांगणार होती ती?

भाऊजी एक पाऊल मागे सरकले होते. त्यांचा चेहरा तिने कधी पाहिला नव्हता असा झाला होता. घाबरलेला, आणि घाबरल्यामुळे प्रथमच हुशार.

"तुम्ही मला मोजायला लावलंत," ते म्हणाले. "आता तुम्ही मोजा."

तिला धीर आला. एवढंच ना. कानात अजून भाऊजींचा तो घाबराघुबरा आवाज होता, ज्या आवाजाने सगळा जिना सार्थकी लागला होता. खरा माणूस कसा मोजतो हे तिला आत्ताच कळलं होतं. तिने समोरच्या तारांकडे बोट केलं.

"एक," वहिनी म्हणाली.

म्हटल्याक्षणी तिला कळलं. तिने तोंडावर हात नेला. भाऊजी आणखी एक पाऊल मागे गेले, आणखी एक, थेट तबकडीच्या काठाखाली. त्यांचे डोळे तिच्यावरून हलत नव्हते.

"नाही, थांबा, चुकलं! भाऊजी, ऐका…"

दिवा लागला.

"किती वेळ, भाऊजी?" तिचा आवाज म्हणाला. "बरं, मी मोजते, तुम्ही बघा. शून्य. एक. दोन. शून्य देते हं. दिलं."

भाऊजींच्या चेहऱ्यावरची भीती ओसरली. घरचं माणूस भेटल्यावर होतो तसा तो चेहरा झाला. त्यांनी तिच्यावरची नजर न काढता हात मागे नेला, भिंतीवरचं बटण चाचपडलं आणि दाबलं. त्यांचा टेस्टर जाळीवर पडला होता, कशालाच न लावलेला. तो वाजत होता.

"मिळालं, वहिनी," भाऊजी सुटकेच्या आवाजात म्हणाले. "मिळालं."

दोन्ही किल्ल्या वरच होत्या, तरी पायाखालची जाळी थरथरायला लागली, आणि त्यांच्या डोक्यावर तबकडी हलली.